मोटरहोडीची इंधन टाकी बदलणे

मोटरहोडीची इंधन टाकी बदलणे म्हणजे लहान यांत्रिक होडीत कायम बसवलेली, गंजलेली, गळकी किंवा कालबाह्य झालेली इंधन टाकी काढून तिच्या जागी नवी टाकी बसवण्याचे काम होय. हे काम मासेमारीच्या होड्या, प्रवासी तरी आणि सहलीच्या नौका या सर्वांमध्ये करावे लागते. टाकी सहसा डेकखाली किंवा इंजिनाशेजारच्या बंदिस्त जागेत असते. त्यामुळे तिची झीज सहज दिसत नाही, आणि गळती लक्षात येईपर्यंत इंधन होडीच्या तळात साचलेले असते. आग व स्फोट, भर समुद्रात इंजिन बंद पडणे आणि खाडीच्या पाण्याचे प्रदूषण असे तीन धोके त्यातून उद्भवतात. या लेखात मुंबई उपनगरातील मालाडच्या किनारपट्टीच्या संदर्भाने या कामाची माहिती दिली आहे.

पार्श्वभूमी

मालाडच्या पश्चिमेला मढ, एरंगळ, भाटी, आक्सा, मालवणी आणि मार्वे ही किनाऱ्यावरील गावे आहेत. या भूभागाच्या दक्षिणेला मालाडची खाडी असून तिच्या पलीकडे वेसावे आहे. उत्तरेला मनोरीची खाडी असून तिच्या पलीकडे मनोरी व गोराई ही गावे आहेत. मढ व भाटी येथील कोळी समाजाचा परंपरागत व्यवसाय मासेमारी हा आहे. मार्वे–मनोरी आणि वेसावे–मढ या जलमार्गांवर प्रवाशांची ने-आण करणाऱ्या तरी चालतात. रस्त्याने मोठा वळसा पडत असल्याने नोकरदार, विद्यार्थी आणि मासळी विकणाऱ्या स्त्रिया यांना या तरींचा मोठा आधार आहे.

पूर्वी होड्या शिडावर आणि वल्ह्यांवर चालत. स्वातंत्र्योत्तर काळात शासनाच्या व मच्छीमार सहकारी संस्थांच्या साहाय्याने होड्यांना यंत्रे बसू लागली, आणि होडीच्या पोटात इंधन टाकी ही नवी वस्तू आली. आज या किनाऱ्यावर स्थूलमानाने दोन प्रकारच्या यांत्रिक होड्या दिसतात. डोल जाळ्यासारख्या मासेमारीसाठी वापरल्या जाणाऱ्या मोठ्या लाकडी वा फायबरच्या बोटींमध्ये डिझेलवर चालणारे इंजिन आत बसवलेले असते व टाकीही कायमस्वरूपी असते. लहान फायबर होड्यांना मागच्या फळीवर अडकवायचे आउटबोर्ड इंजिन असते. ते पेट्रोलवर चालते, किंवा पेट्रोलवर सुरू करून मग केरोसीनवर चालवले जाते. अशा होडीत बहुधा हाताने उचलता येणारी सुटी टाकी असते, तर काही होड्यांत पाटाखाली कायमची टाकी बसवलेली असते.

टाकीची रचना

कायम बसवलेल्या टाकीला साधारणपणे चार जोडण्या असतात. इंधन भरण्याची नळी डेकवरील झाकणापासून टाकीपर्यंत येते. हवानळीतून भरताना आतली हवा बाहेर जाते आणि इंधन खर्च होताना बाहेरची हवा आत येते. तिसरी नळी इंजिनाकडे इंधन नेते. डिझेल इंजिनात न वापरलेले इंधन टाकीत परत आणणारी चौथी नळी असते. याशिवाय पातळी दाखवणारा काटा किंवा पट्टी असते. मोठ्या टाकीत आडपडदे असतात. लाटांवर होडी डोलू लागली की आतले इंधन एका बाजूला आदळते. भोके पाडलेले हे पडदे त्याचा वेग मोडतात आणि होडीचा तोल सांभाळतात.

पेट्रोलच्या टाकीला सर्व जोडण्या वरच्या बाजूस असाव्यात, तळाशी तोटी किंवा बूच नसावे, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. तळाची जोडणी सैल झाली तर संपूर्ण टाकी होडीत रिकामी होते, हे त्यामागील कारण आहे. डिझेलच्या टाकीला तळाशी गाळ व पाणी काढण्यासाठी झडप ठेवता येते. मात्र ती धातूची आणि झाकणयुक्त असावी लागते.

टाकीचे साहित्य

साधे पोलाद: स्वस्त असते आणि कोणत्याही वेल्डरकडे टाकी तयार करून मिळते. डिझेलसाठी ते चालते. पण खाऱ्या हवेत बाहेरून आणि तळाशी साचलेल्या पाण्यामुळे आतून गंजते. बाहेरून जाड रंगाचे थर देणे अनिवार्य ठरते.

जस्तलेपित पत्रा: गंजरोधक म्हणून अनेकदा वापरला जातो. तथापि डिझेलशी जस्ताची रासायनिक क्रिया होऊन साबणासारखे क्षार तयार होतात व ते फिल्टर आणि इंजेक्टरमध्ये अडकतात. म्हणून डिझेल टाकीच्या आतील बाजूस जस्ताचा लेप नसावा.

ॲल्युमिनियम: वजनाला हलके असते. मॅग्नेशियमयुक्त, सागरी दर्जाची मिश्रधातू वापरल्यास दीर्घकाळ टिकते. ओलसर लाकूड किंवा फोम सतत टेकून राहिल्यास मात्र तिला बारीक खड्डे पडतात. पितळी जोडणी थेट बसवल्यास दोन धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया होऊन ॲल्युमिनियम झिजते.

स्टेनलेस स्टील: ३१६ या प्रतीचे स्टील समुद्राजवळ योग्य मानले जाते. हवा न लागणाऱ्या फटींमध्ये आणि सदोष वेल्डिंगच्या ठिकाणी तेही खड्डे पडून गळू शकते.

पॉलिएथिलीन: गंजत नाही व सांध्याविना साचात तयार होते. तथापि मिळतील त्याच मापांत घ्यावी लागते. इंधन भरल्यावर ती किंचित फुगते, त्यामुळे सभोवती थोडी जागा सोडावी लागते. पाण्यासाठी बनवलेली प्लॅस्टिकची टाकी इंधनासाठी वापरणे धोक्याचे असते.

फायबर: होडीच्या आकाराप्रमाणे घडवता येते. डिझेलसाठी समाधानकारक ठरते. परंतु इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे जुन्या राळेचा थर मऊ पडून त्याचे अंश इंजिनात जाऊ शकतात.

टाकी निकामी होण्याची कारणे

टाकी निकामी होण्याचे मुख्य कारण पाणी हे आहे. मुंबईच्या दमट हवेत अर्धवट भरलेल्या टाकीत रात्रीच्या गारव्याने हवेतील बाष्प आतल्या भिंतीवर जमते व थेंबाथेंबाने तळाशी जाते. झाकणाचे रबर झिजले असल्यास डेकवर उडणारे खारे पाणीही आत शिरते. डिझेल पाण्यापेक्षा हलके असल्याने पाणी तळाशीच राहते आणि टाकी तळापासून गंजू लागते. डिझेल व पाणी यांच्या सीमारेषेवर सूक्ष्मजीव वाढतात. त्यांचा काळपट, बुळबुळीत साका फिल्टर तुंबवतो व त्यांच्यापासून निर्माण होणारी आम्ले धातूला खातात.

पेट्रोलच्या बाबतीत इथेनॉलमुळे परिस्थिती बदलली आहे. भारतात जून २०२२ मध्ये पेट्रोलमधील इथेनॉलचे सरासरी प्रमाण १० टक्क्यांवर पोहोचले आणि फेब्रुवारी २०२३ पासून २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलची विक्री सुरू झाली. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. ओलावा मर्यादेबाहेर गेला की इथेनॉल व पाणी यांचा वेगळा थर तळाशी बसतो. इंजिनाची नळी तळाजवळूनच इंधन ओढत असल्याने प्रथम हाच थर इंजिनात जातो. जुन्या रबरी नळ्या व वॉशर यांवरही इथेनॉलचा परिणाम होतो.

याखेरीज इंजिनाचे कंपन, लाटांचे हादरे, सैल पट्ट्यांमुळे होणारे घर्षण आणि होडीच्या तळात साचलेले खारे पाणी ही कारणेही असतात. ओहोटीत चिखलावर कलून बसणाऱ्या होडीत टाकीच्या एकाच बाजूवर वारंवार भार येतो.

लक्षणे

टाकी बदलण्याची गरज पुढील चिन्हांवरून ओळखता येते:

- होडीच्या बंद कप्प्यात इंधनाचा सतत वास येणे.
- तळातून उपसलेल्या पाण्यावर इंद्रधनुषी तवंग दिसणे.
- फिल्टरच्या काचेत वारंवार पाणी, तांबूस गंज किंवा काळा साका आढळणे.
- शांत पाण्यात नीट चालणारे इंजिन लाटांत अडखळणे. होडी हलल्यावर तळाचा गाळ ढवळला जाऊन नळीत जातो, म्हणून असे घडते.
- फेऱ्या तेवढ्याच असून इंधनाचा खर्च वाढणे.
- टाकीच्या खालच्या कडांवर रंगाला फोड येणे.

शेवटून तिसऱ्या लक्षणाकडे दुर्लक्ष करणे विशेष घातक ठरते. खाडीच्या मुखाशी गाळ व वाळू साचून पाणी उथळ होते आणि तेथे लाटा फुटतात. अशा ठिकाणी इंजिन बंद पडल्यास होडी लाटांना आडवी होऊन उलटू शकते.

इंधनाचे धोके

ज्या किमान तापमानाला इंधनाची वाफ ठिणगीने पेट घेते, त्याला प्रज्वलनांक म्हणतात. पेट्रोलचा प्रज्वलनांक सुमारे उणे ४० अंश सेल्सिअस आहे. म्हणजे ते कोणत्याही ऋतूत पेट घेऊ शकते. भारतीय मानकानुसार वाहनांच्या डिझेलचा प्रज्वलनांक किमान ३५ अंश असावा लागतो. उन्हात तापलेल्या इंजिनघरातील तापमान याहून सहज अधिक असते. त्यामुळे डिझेल पेटत नाही, हा समज चुकीचा आहे.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. ती वर उडून न जाता पाण्याप्रमाणे उतरून होडीच्या तळाशी साचते. हवेत तिचे प्रमाण साधारण १.४ ते ७.६ टक्के असताना ठिणगी पडली की स्फोट होतो. यावरून एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट होते: रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोकादायक असते. भरलेल्या टाकीत वाफ व हवा यांना जागा नसते. रिकाम्या टाकीत ती भरपूर असते.

टाकी बदलण्याची पद्धत

योग्य वेळ निवडणे

पाण्यावर तरंगणाऱ्या होडीत हे काम करू नये. होडी कोरड्यावर घेणे श्रेयस्कर असते. मुंबईच्या किनाऱ्यावर दिवसातून दोन वेळा भरती येते. भरतीची स्थूल वेळ काढण्याची परंपरागत रीत अशी, की तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी. अष्टमीला सहा वाजता, तर पौर्णिमा व अमावास्येला बाराच्या सुमारास भरती असते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास येणाऱ्या मोठ्या भरतीला उधाण आणि अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीला भांग म्हणतात. उधाणाच्या वेळी होडी वर घेतल्यास पुढील काही दिवस पाणी तिच्यापर्यंत पोहोचत नाही, आणि पुढच्या उधाणाला ती पुन्हा पाण्यात लोटता येते.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारीला बंदी असते. या काळात होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात व दुरुस्त्या होतात. तथापि पावसाळी हवेत रंग व फायबरची राळ नीट वाळत नाही. म्हणून मापे घेणे, जुनी टाकी काढणे आणि बैठक तयार करणे ही कामे मे महिन्याच्या अखेरीस उरकल्यास सोयीचे होते.

इंधन काढणे

प्रथम बॅटरीची जोडणी, ऋण टोकापासून आरंभ करून, सोडवावी. सर्व झाकणे व खिडक्या उघडून हवा खेळती करावी. विडी, स्टोव्ह, मोबाइल, ग्राइंडर व साधा विजेचा दिवा दूर ठेवावा आणि कोरड्या रासायनिक भुकटीचे अग्निशामक नळकांडे हाताशी असावे. पेटलेल्या तेलावर पाणी ओतू नये. तेल पाण्यावर तरंगून आग पसरते.

इंधन हातपंपाने वरून उपसावे. पेट्रोलसाठी साधा विजेचा पंप वापरू नये, तसेच तोंडाने नळी ओढू नये. फुप्फुसात गेलेले पेट्रोल जीवघेणे ठरू शकते. डबे होडीत न भरता जमिनीवर ठेवून भरावेत. प्रवाहामुळे स्थिर विद्युत निर्माण होते व जमिनीशी संपर्क असल्यास ती निघून जाते. तळातील पाणीमिश्रित इंधन वेगळ्या डब्यात घ्यावे. ते पुन्हा वापरू नये.

जुनी टाकी काढणे

प्रत्येक नळीला खुणेची चिठ्ठी बांधून मगच ती सोडवावी. नळ्यांची मोकळी तोंडे बुचांनी बंद करावीत. पट्ट्यांचे गंजलेले बोल्ट छिन्नी-हातोड्याने तोडताना ठिणग्या उडतात. म्हणून गंज सोडवणारे तेल आदल्या दिवशी घालून ते पान्याने काढावेत. डेक बांधताना टाकी आधी ठेवून वरून फळ्या ठोकलेल्या असल्यास डेकचा काही भाग कापावा लागतो. असे कापकाम टाकी व तळ वाफमुक्त झाल्याखेरीज करू नये, आणि शक्यतो हातकरवतीने करावे.

जागेची तपासणी

टाकी निघाल्यावर तिच्याखालची जागा बऱ्याच वर्षांनी प्रथमच दृष्टीस पडते. कुजलेले लाकूड, भेगा गेलेले फायबर, सैल खिळे आणि तुंबलेले पाण्याचे मार्ग याच वेळी दुरुस्त करावेत. साबणाच्या पाण्याने जागा धुऊन ते पाणी खाडीत न सोडता डब्यात गोळा करावे.

नवी टाकी ठरवणे

जुन्या टाकीचेच माप घेण्याचा प्रघात असला तरी ती ज्या वाटेने आत न्यायची आहे, त्या वाटेचे माप आधी घ्यावे. उदाहरणार्थ, ९० सेंमी लांब, ४५ सेंमी रुंद व ३० सेंमी उंच टाकीचे आकारमान १,२१,५०० घनसेंमी, म्हणजे १२१.५ लिटर होते. उष्णतेने इंधन प्रसरण पावते. १०० लिटर पेट्रोलचे तापमान १५ अंशांनी वाढल्यास त्याचे आकारमान सुमारे दीड लिटरने वाढते. म्हणून टाकी ९५ टक्क्यांपर्यंतच भरावी. तेव्हा उपयुक्त क्षमता सुमारे ११५ लिटर होते. डिझेलची घनता दर लिटरला साधारण ०.८३ किलोग्रॅम धरल्यास या इंधनाचे वजन सुमारे ९६ किलोग्रॅम, म्हणजे धडधाकट माणसाच्या वजनाहून अधिक भरते. टाकी मोठी करताना किंवा तिची जागा बदलताना होडीच्या तोलावर होणारा हा परिणाम विचारात घ्यावा.

चाचणी

नवी टाकी होडीत बसवण्यापूर्वी व नळ्या जोडल्यावर अशी दोनदा तपासावी. लहान होड्यांच्या टाक्यांसाठी सुमारे २० किलोपास्कल, म्हणजे दर चौरस इंचाला ३ पौंड, इतका चाचणीदाब प्रचलित आहे. हातपंपाने हवा भरून सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे आल्यास गळती आहे असे समजावे. हा दाब किरकोळ वाटला तरी वरील उदाहरणातील टाकीच्या ९० × ४५ सेंमी पृष्ठावर तो सुमारे ८,१०० न्यूटन, म्हणजे जवळपास ८२५ किलोग्रॅम वजनाइतके बल निर्माण करतो. त्यामुळे टायरमध्ये हवा भरण्याच्या कंप्रेसरने चाचणी घेतल्यास टाकी फुगून फाटू शकते. इंधन असलेल्या किंवा पूर्वी इंधन भरलेल्या टाकीवर अशी चाचणी करू नये.

बसवणी

टाकी तळाच्या फळ्यांवर थेट न ठेवता उंचवट्याच्या आधारांवर ठेवावी, म्हणजे तिच्याखालून हवा वाहते व पाणी साचत नाही. आधार व टाकी यांच्यामध्ये पाणी न शोषणारी रबरी किंवा प्लॅस्टिकची पट्टी घालावी. गोणपाट, कापूस, वाळूच्या पिशव्या वा साधा फोम वापरू नये. टाकी पट्ट्यांनी अशी बांधावी की होडी कितीही कलली तरी ती जागची हलू नये.

सर्व रबरी नळ्या नव्या व इंधनासाठीच बनवलेल्या असाव्यात. इंजिनघरातून जाणारी नळी अग्निरोधक असावी. आयएसओ ७८४० या मानकानुसार अशी नळी अडीच मिनिटे ज्वाळेत टिकावी लागते. भरणनळीच्या प्रत्येक टोकाला स्टेनलेस स्टीलच्या दोन क्लिपा आवळाव्यात. हवानळी डेकच्या वर नेऊन तिला वळण द्यावे, म्हणजे लाटांचे पाणी आत जात नाही. तिच्या तोंडाशी ज्योत आत जाऊ न देणारी बारीक जाळी बसवावी. हवानळी तुंबल्यास टाकीत निर्वात होऊन इंजिनाला इंधन मिळत नाही, आणि भरताना इंधन उसळून बाहेर येते. डेकवरील धातूचे झाकण व धातूची टाकी तारेने जोडून भूयोजित करावी. इंजिनाकडे जाणाऱ्या नळीवर बंद करता येणारी झडप आणि पाणी वेगळे करणारा फिल्टर असावा.

प्रथम वापर

आरंभी थोडेच इंधन भरून सांधे तपासावेत, नंतर टाकी पूर्ण भरून एक रात्र ठेवावी. डिझेल नळ्यांत अडकलेली हवा पंपाने काढून टाकल्याखेरीज इंजिन सुरू होत नाही. पहिली फेरी खाडीच्या आतच करावी व परतल्यावर फिल्टर पाहावा.

जुन्या टाकीची विल्हेवाट

इंधनाची जुनी टाकी भंगारात देण्यापूर्वी ती वाफमुक्त करणे आवश्यक आहे. ती गॅस कटरने कापताना होणारे स्फोट हा या कामातील सर्वांत गंभीर अपघात होय. कित्येक महिने उघड्यावर ठेवलेल्या टाकीतही सांध्यांत व गंजात मुरलेले इंधन उष्णतेने वाफ होऊन बाहेर पडते. जुनी टाकी वेल्डिंगने दुरुस्त करण्याबाबतही हाच धोका असल्याने ते काम प्रशिक्षित व्यक्तीकडूनच, टाकी वाफमुक्त असल्याची खात्री केल्यावर करवावे.

टाकीतील साका व दूषित इंधन नाल्यात किंवा खाडीत टाकू नये. मालाड व मनोरी या खाड्यांच्या काठी कांदळवने आहेत. तिवरांची श्वसनमुळे चिखलाच्या वर येऊन हवा घेतात. तेलाचा थर बसल्यास ती गुदमरतात. निवट्या, चिंबोऱ्या, कोळंबीची पिल्ले यांचे आश्रयस्थान याच कांदळवनात असल्याने खाडीत सांडलेल्या तेलाचा फटका अखेर मासेमारीलाच बसतो. टाकाऊ तेलाचा समावेश घातक व इतर अपशिष्टे नियम, २०१६ मध्ये होतो. ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच द्यावे लागते.

कायदेशीर बाजू

इंधनाच्या साठवणुकीला पेट्रोलियम अधिनियम, १९३४ आणि पेट्रोलियम नियम, २००२ लागू होतात. त्यांत पेट्रोल हे 'अ' वर्गात, तर डिझेल व केरोसीन 'ब' वर्गात मोडतात. राज्याच्या सागरी क्षेत्रातील मासेमारीचे नियमन महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ नुसार होते. प्रवासी जलवाहतुकीवर १९९६ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र सागरी मंडळाचे नियंत्रण आहे. प्रवासी तरीच्या टाकीत वा इंजिनव्यवस्थेत बदल करण्यापूर्वी संबंधित सर्वेक्षकांना कळवणे उचित असते. मच्छीमार सहकारी संस्थांच्या सभासदांना डिझेलवरील राज्य कराची प्रतिपूर्ती मिळते. त्यामुळे गळतीने वाया जाणारे इंधन हे मच्छीमार व शासन या दोघांचेही नुकसान ठरते.

देखभाल

नव्या टाकीचे आयुष्य मुख्यतः तिला पाण्यापासून किती जपले जाते यावर अवलंबून असते. डिझेल टाकी फेरीवरून आल्यावर भरून ठेवल्यास बाष्प जमण्यास जागा उरत नाही. पावसाळ्यातील दीर्घ मुक्कामात आउटबोर्ड होडीतील इथेनॉलयुक्त पेट्रोल साठवू नये. झाकणाचे रबर दरवर्षी बदलावे. पाणी लागताच रंग बदलणारी पेस्ट पट्टीला लावून टाकीच्या तळापर्यंत बुडवल्यास आतील पाण्याची पातळी समजते. पेट्रोल पंपांवर वापरली जाणारी ही पेस्ट स्वस्त व सहज मिळणारी आहे. बंदी उठल्यावर होडी पाण्यात लोटण्यापूर्वी टाकीचा तळ, पट्ट्या व नळ्या विजेरीच्या उजेडात पाहण्याची सवय ठेवल्यास बहुतेक दोष किनाऱ्यावरच लक्षात येतात.

हे सुद्धा पहा

- मढ
- मार्वे
- मनोरी
- कोळी समाज
- भरती-ओहोटी
- कांदळवन
- आउटबोर्ड इंजिन
- इथेनॉल